विश्लेषण : झूम वाढवला की नेमाची खूण खोटी का ठरते?

रायफलीवरच्या दुर्बिणीची जाहिरात असो की खरेदीची निविदा, ठळक अक्षरात एकच आकडा दिसतो : किती पट मोठे दिसते. त्या काचेतली नेम धरण्याची खूण झूमबरोबर वाढते की तेवढीच राहते, हे मात्र बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. लष्करी प्रशिक्षणाच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जिथे रणगाड्यांच्या सरावाचा आवाज गावांना सवयीचा झाला आहे आणि बिबट्यांमुळे वन विभागाची भुलीची बंदूक वारंवार बाहेर काढावी लागते, हा तपशील किरकोळ समजून चालणार नाही.

प्रश्न नेमका काय?

फोनमध्ये एखादा फोटो उघडावा आणि दोन बोटांनी मोठा करावा. फोटोत कुणी रेघ मारलेली असेल तर फोटोबरोबर तीही जाड आणि लांब होते. पण तीच रेघ मार्करने स्क्रीनगार्डवर मारली असेल, तर फोटो कितीही मोठा केला तरी ती आहे तेवढीच राहते. मागचे चित्र वाढते, रेघ वाढत नाही.

झूम असलेल्या रायफल दुर्बिणींचेही असेच दोन प्रकार असतात. एकात नेमाची खूण चित्राबरोबर लहानमोठी होते. दुसऱ्यात ती डोळ्याला कायम एकाच आकाराची दिसते. बाहेरून दोन्ही दुर्बिणी सारख्याच. फरक कळतो तो झूमची कडी फिरवल्यावर, आणि कळला नाही तर गोळी भलतीकडे गेल्यावर.

रेटिकल म्हणजे काय आणि ते कुठे असते?

काचेतली अधिक चिन्हासारखी रेघ, तिच्यावरचे ठिपके आणि बारीक आडव्या खुणा, या सगळ्याला मिळून रेटिकल म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहानशी जाळी. या कल्पनेचा उगम बंदुकीत नाही, खगोलशास्त्रात आहे. सतराव्या शतकात विल्यम गॅसकॉइन या इंग्रज खगोलनिरीक्षकाच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा विणला आणि तो ताऱ्याइतकाच स्पष्ट दिसला, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्यामागचे शास्त्र पक्के आहे. दुर्बिणीच्या नळीत ज्या जागी दृश्याची प्रतिमा तयार होते, नेमक्या त्याच जागी धागा ताणला तर धागा आणि दृश्य दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात.

रायफलीच्या दुर्बिणीत अशा जागा दोन असतात. पुढची मोठी काच पहिली प्रतिमा तयार करते, ती उलटी असते. नळीच्या मध्ये बसवलेली भिंगे तिला सुलट करतात आणि दुसरी प्रतिमा डोळ्याच्या बाजूला तयार होते. झूम होतो तो या मधल्या भिंगांमुळे. म्हणजे जाळी या भिंगांच्या पुढे बसवली तर दृश्यासोबत तीही मोठी होणार. भिंगांच्या मागे, डोळ्याकडच्या बाजूला बसवली तर झूमचा तिच्यावर काहीच परिणाम होणार नाही. पहिल्या रचनेला 'फर्स्ट फोकल प्लेन' आणि दुसरीला 'सेकंड फोकल प्लेन' म्हणतात. सोयीसाठी त्यांना पुढची जाळी आणि मागची जाळी म्हणू.

गट नकाशाचे उदाहरण काय सांगते?

भूमी अभिलेख कार्यालयातून आणलेला गट नकाशा बारीक वाटतो म्हणून शेतकरी तो झेरॉक्सवर दुप्पट मोठा करून घेतो. नकाशावर छापलेली मोजपट्टीची रेघही दुप्पट होते, त्यामुळे तिच्यावरून काढलेले अंतर बरोबरच येते. ही पुढची जाळी. पण 'एक सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर' हे लक्षात ठेवून कुणी कंपासपेटीतली पट्टी त्या मोठ्या कागदावर ठेवली, तर बांध दुप्पट लांब भरेल. कारण कागद वाढला, पट्टी वाढली नाही. आता एक सेंटिमीटर म्हणजे २५ मीटरच आहेत. ही मागची जाळी.

पट्टी खोटी नाही. ती एका ठरावीक आकाराच्या नकाशालाच खरी आहे. मागच्या जाळीच्या खुणाही तशाच एका ठरावीक झूमला खऱ्या असतात. बहुतेक दुर्बिणींत तो सर्वांत मोठा झूम असतो, काहींत मधला एखादा आकडा. तो माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. पुस्तिका मात्र खोक्यात राहते आणि दुर्बीण मैदानात जाते.

चूक किती मोठी होऊ शकते?

खुणांमधले अंतर बहुधा 'मिल' या एककात मोजतात. एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरवर १० सेंटिमीटर, ५०० मीटरवर ५० सेंटिमीटर, हजार मीटरवर एक मीटर. हिशेब सोपा असल्यामुळेच हे एकक रुळले.

आता ५ ते २५ पट झूमची, मागची जाळी असलेली दुर्बीण घेऊ. तिच्या खुणा २५ पटीला खऱ्या आहेत. ५०० मीटरवर १.७ मीटर उंचीचा पुतळा आहे. २५ पटीवर तो ३.४ खुणा व्यापेल. उंचीला हजारने गुणून ३.४ ने भागले की अंतर ५०० मीटर येते, उत्तर बरोबर. पण उन्हाने हवा थरथरते म्हणून जवानाने झूम साडेबारावर आणला आणि हिशेब तोच ठेवला. आता प्रत्येक खूण दोन मिल व्यापते आहे. पुतळा १.७ खुणांतच बसतो आणि अंतराचे उत्तर येते १,००० मीटर.

लष्करात वापरल्या जाणाऱ्या ७.६२ मिलिमीटर जातीची गोळी १०० मीटरला नेम बसवलेला असताना ५०० मीटरवर साधारण दोन मीटर खाली येते आणि हजार मीटरवर दहा मीटरहून अधिक. म्हणजे अंतराच्या या एका चुकीमुळे गोळी पुतळ्याच्या डोक्यावरून कित्येक मीटर उंच जाईल. रायफल उत्तम, गोळी उत्तम, नजर उत्तम, तरीही.

दुरुस्तीचे सूत्र आहे. ज्या झूमला खुणा खऱ्या तो आकडा भागिले सध्याचा झूम, आणि त्याने खुणेला गुणायचे. दहा पटीवर एक खूण अडीच मिलची. कागदावर हे आठवीतल्या मुलाला जमेल. पण थंडीत, धाप लागलेली असताना, पाच सेकंदांत हा गुणाकार बिनचूक होईल यावर विसंबणे म्हणजे यंत्राने करायचे काम माणसावर ढकलणे.

एक दिलासा आहे. मधोमध असलेल्या केंद्रबिंदूवर जाळीच्या जागेचा असा परिणाम होत नाही, कारण जाळी वाढली काय किंवा नाही वाढली काय, केंद्र केंद्रातच राहते. चूक होते ती केंद्राखालच्या आणि बाजूच्या खुणा वापरताना.

मग पुढची जाळी सरसकट चांगली का नाही?

तिची वेगळी अडचण आहे. २५ पटीवर सुरेख दिसणारी रेघ ५ पटीवर पाचव्या हिश्श्याची होते. झुडपांच्या सावलीत ती केसासारखी हरवते. एक ते सहा किंवा एक ते आठ पटीच्या दुर्बिणीत तर एक पटीवर सगळ्या खुणा मिळून मध्ये एक बारीक चिन्ह उरते. म्हणून अशा दुर्बिणींत लाल प्रकाशाचा ठिपका द्यावा लागतो. बॅटरी संपली की तोही जातो.

काच कोरण्याचे कामही कठीण. ही जाळी झूमबरोबर मोठी होऊन डोळ्यासमोर येते, त्यामुळे तिच्यावरचा धुळीचा कणसुद्धा मोठा होतो. रेघा अतिशय बारीक आणि नेमक्या कोराव्या लागतात. साहजिकच किंमत वाढते.

मागच्या जाळीचा फायदा याच्या उलट. रेघ कुठल्याही झूमवर तेवढीच ठळक, आणि झूम वाढवत नेला की लक्ष्याच्या तुलनेत ती अधिकाधिक नाजूक. २५ पटीवर ०.०५ मिलचा ठिपका ५०० मीटरवर अडीच सेंटिमीटर झाकतो. तोच ठिपका ५ पटीवर साडेबारा सेंटिमीटर झाकेल. पुढच्या जाळीत तो प्रत्येक झूमवर अडीच सेंटिमीटरच झाकतो. ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या झूमवर, कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला मागची जाळी चांगली. अंतर क्षणाक्षणाला बदलणार असेल, तर पुढची. 'कोणती श्रेष्ठ' हा वाद म्हणूनच निरर्थक आहे. 'कोणत्या कामासाठी' हा प्रश्न खरा.

लष्कराने यावर काय उपाय योजले?

सर्वांत जुना उपाय म्हणजे झूमच न देणे. भारतीय लष्करात वर्षानुवर्षे वापरात असलेल्या रशियन बनावटीच्या ड्रॅगुनोव्ह रायफलीवरची पीएसओ-१ दुर्बीण ठाम चार पटीची आहे. तिच्या जाळीत डाव्या खालच्या कोपऱ्यात एक वक्र रेघ असते. १.७ मीटर उंचीचा माणूस त्या रेघेखाली जिथे नेमका बसतो, तिथला आकडा म्हणजे अंतर, २०० पासून १,००० मीटरपर्यंत. गुणाकार नाही, भागाकार नाही. झूमच नसल्याने ती रेघ कधी खोटी ठरत नाही. जमीन मोजणीतल्या थिओडोलाइटच्या आडव्या तारांनीही वर्षानुवर्षे हेच काम केले : तारांमध्ये मोजपट्टीचा जेवढा भाग दिसतो त्याला १०० ने गुणले की अंतर.

दुसरा उपाय रणगाड्यांत दिसतो. खारे कर्जुने गावाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या के. के. रेंजवर २२ सप्टेंबर २०२० रोजी अर्जुन रणगाड्यातून लेसर मार्गदर्शित रणगाडाभेदी क्षेपणास्त्राची चाचणी झाली आणि त्याने तीन किलोमीटरवरचे लक्ष्य भेदले. इथे तोफचीला जाळीच्या खुणा मोजत बसावे लागत नाही. आधुनिक रणगाड्यात अंतर लेसर मोजतो आणि तोफेचा कोन संगणक ठरवतो. तरीही राखीव म्हणून कोरीव खुणांची साधी दुर्बीण ठेवतात. वीज गेली की माणूस पुन्हा काचेवरच्या रेघेकडे येतो.

तिसरा प्रकार रात्रीच्या डिजिटल आणि थर्मल दुर्बिणींचा. त्यात जाळी काचेवर नसते, पडद्यावर सॉफ्टवेअरने काढलेली असते. झूम केल्यावर ती वाढायची की नाही हे प्रोग्राम ठरवतो. म्हणजे पुढची की मागची जाळी हा प्रश्न संपलेला नाही, तो काचेतून सेटिंगच्या यादीत गेला आहे.

बिबट्याच्या जिल्ह्यात याचा संबंध काय?

अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले होते, तेही जंगलात नव्हे, दाट मानवी वस्तीच्या शेतशिवारात. त्यानंतर ऊस आणि बिबट्या ही जोडी अकोले, संगमनेर, राहुरी, कोपरगाव या पट्ट्यात नेहमीची झाली. विहिरीत पडलेला, घरात शिरलेला किंवा उसात दडलेला बिबट्या बेशुद्ध करायचा तर भुलीचे इंजेक्शन बंदुकीतून मारावे लागते.

हे इंजेक्शन गोळीसारखे जात नाही. ते जड आणि मंद असते आणि २५-३० मीटरमध्येच लक्षणीय खाली येते. म्हणून केंद्राखालच्या खुणेचा आधार घ्यावा लागतो, आणि चूक होते ती नेमकी तिथेच. समजा, बंदुकीवर तीन ते नऊ पटीची, मागच्या जाळीची दुर्बीण आहे आणि सराव नऊ पटीवर झाला आहे. ३० मीटरसाठी चार मिलची खूण म्हणजे १२ सेंटिमीटरची भर. प्रत्यक्षात उसाच्या कडेला जनावर जवळ दिसले, चित्र मोठे आणि अंधूक वाटले म्हणून झूम तीनवर आणला. तीच खूण आता ३६ सेंटिमीटर भर देते. बिबट्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण दोन फूट. एक वीतभर जास्तीची चूक म्हणजे मांडीच्या स्नायूऐवजी पाठीवरून इंजेक्शन पलीकडे, किंवा नको त्या जागी. चुकलेल्या किंवा अर्धवट लागलेल्या इंजेक्शननंतर बिथरलेले जनावर उसात शिरते, आणि बांधावर तोवर गर्दी जमलेली असते. या एका वीतभर फरकावर जनावराचा जीव तर असतोच, बांधावरच्या माणसाचाही असतो.

अशा कामाला ठाम कमी पटीची दुर्बीण किंवा साधा लाल ठिपका पुरेसा असतो. नऊ पट हा आकडा इथे उपयोगाचा नाही, अपायाचा आहे.

जास्त झूम म्हणजे जास्त अचूकता का?

याचे उत्तर १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ५० मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. आणि या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण लावायला परवानगीच नसते. मागे बारीक भोक, पुढे एक कडे, आणि त्या कड्याच्या मधोमध काळे वर्तुळ, एवढ्यावर सगळा खेळ.

तिथेही प्रश्न खुणेच्या आकाराचाच आहे. कडे फार लहान घेतले तर वर्तुळाभोवतीची पांढरी फट दिसत नाही, फार मोठे घेतले तर वर्तुळ मध्यभागी आहे की नाही ते कळत नाही. नेमबाज कड्याचा व्यास उजेडानुसार आणि स्वतःच्या डोळ्यानुसार ठरवतो आणि मग हजारो गोळ्यांचा सराव त्याच चित्रावर करतो. अचूकता चित्र मोठे दिसण्यातून आली नाही. चित्र रोज तेच दिसण्यातून आली.

मग काय करायला हवे?

पहिली गोष्ट, निविदा आणि जाहिरात यांची भाषा. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने ७.६२ मिलिमीटर असॉल्ट रायफलींसाठी रात्रीच्या दुर्बिणींचा ६५९.४७ कोटी रुपयांचा करार केला. चांदण्यांच्या उजेडात ५०० मीटरपर्यंतचे लक्ष्य टिपता येईल, असे तेव्हा सांगण्यात आले. देशी उद्योगाकडून अशी खरेदी होणे चांगलेच. पण सार्वजनिक चर्चा कोटी आणि मीटर या दोन आकड्यांपुढे जात नाही. पोलीस, वन विभाग, नेमबाजी क्लब यांच्या छोट्या खरेदीत तर हे आणखी खरे. परवाना न लागणारी एअर रायफल घेणारा हौशी ग्राहकही '४ ते १६' हा आकडा पाहून ऑनलाइन दुर्बीण मागवतो. जाळी पुढची की मागची आणि खुणा कोणत्या झूमला खऱ्या, या दोन ओळी प्रत्येक खरेदी-अटीत आणि प्रत्येक खोक्यावर ठळक असायला हव्यात.

दुसरी गोष्ट, एका तुकडीत दोन प्रकार नकोत. आज पुढच्या जाळीवर शिकलेल्या हातात उद्या मागची जाळी आली की शिकलेले सगळे चुकीच्या उत्तराकडे नेते. आणि मागची जाळी वापरायचीच असेल तर खरा झूम दाखवणारी पांढऱ्या रंगाची खूण कडीवर करावी. त्याला चार आण्यांचा रंग लागतो. अंधारात हाताला कळावी म्हणून चिकटपट्टीही चालेल.

तिसरी गोष्ट प्रशिक्षणाची. अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. सरावासाठी राखलेल्या जमिनीच्या प्रश्नावर नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतली गावे अस्वस्थ आहेत, आणि २०२० मध्ये ती अस्वस्थता दिल्लीपर्यंत पोहोचली होती. संरक्षणासाठी सराव हवा, यावर या गावांचे दुमत नाही. पण ज्या सरावासाठी कुणाच्या तरी शिवारावर टांगती तलवार राहते, त्यातली प्रत्येक गोळी काही शिकवणारी असली पाहिजे. दुर्बिणीचा झूम बदलून त्याच लक्ष्यावर त्याच खुणेने गोळी मारली तर ती कुठे जाते, हे नव्या जवानाला एकदा प्रत्यक्ष दाखवले की तो ते जन्मभर विसरत नाही. त्याला मोजून दहा गोळ्या पुरतात.

लष्करात नेम धरण्याला 'शिस्त घेणे' म्हणतात, आणि जुन्या मराठीतही शिस्त या शब्दाचा एक अर्थ नेम असाच आहे. नेम काचेच्या ताकदीवर ठरत नाही, काचेतली खूण कधी खरी आणि कधी खोटी हे ठाऊक असण्यावर ठरतो. मोठे दाखवणारी वस्तू बाजारात पैसे दिले की मिळते. ही शिस्त शिकवावी लागते.